लघवीचा उलटा प्रवाह: मुलाच्या मूत्रपिंडाची वाढ आणि काम पालकांनी कसे जोखावे

दहा महिन्यांच्या मुलीला सर्दी-खोकला काहीही नसताना सडकून ताप येतो, लघवीच्या तपासणीत जंतू सापडतात, मग सोनोग्राफी होते, पुढे एमसीयू (लघवी करतानाचा एक्स-रे) होते आणि शेवटी हातात पडलेल्या कागदावर ‘डाव्या बाजूस ग्रेड ४ रिफ्लक्स’ असे लिहिलेले असते. रिफ्लक्स म्हणजे मूत्राशयातील लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढणे, आणि ग्रेड म्हणजे त्याची तीव्रता. तो कागद वाचून आईवडिलांच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: हा रिफ्लक्स बंद कधी होणार? प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. मुलाच्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांचे आरोग्य प्रवाह उलटा होता की सुलटा यापेक्षा त्या काळात मूत्रपिंड किती वाढले आणि किती शाबूत राहिले यावर अवलंबून असते. उपचार डॉक्टर ठरवतीलच. मूत्रपिंडाची वाढ व काम यांवर घरून लक्ष कसे ठेवावे आणि रिपोर्टमधले कोणते आकडे कसे वाचावेत, एवढ्यापुरतेच येथे लिहिले आहे.

उलटा प्रवाह का होतो

मूत्रपिंडातून निघालेली मूत्रवाहिनी मूत्राशयात सरळ शिरत नाही. ती त्याच्या भिंतीतून काही अंतर तिरकी जाते आणि मग आत उघडते. हा तिरका बोगदा नळीच्या व्यासाच्या साधारण पाचपट लांब असला, तर मूत्राशय भरताना भिंतीच्या दाबाने नळी आपोआप मिटते. वेगळी झडप अशी नसते. भिंतीची रचनाच झडपेचे काम करते. काही मुलांत हा बोगदा जन्मतःच आखूड असतो, त्यामुळे मूत्राशय भरताना किंवा लघवी करताना लघवी पुन्हा वर चढते. मूल वाढते तसा बोगदाही लांबतो, आणि म्हणूनच कमी ग्रेडचा रिफ्लक्स पुष्कळ मुलांत कोणत्याही शस्त्रक्रियेशिवाय काही वर्षांत नाहीसा होतो.

ग्रेड १ ते ५ असतात. पहिल्यात लघवी फक्त नळीपर्यंत चढते, दुसऱ्यात ती मूत्रपिंडापर्यंत पोहोचते पण काही फुगत नाही, तिसऱ्यापासून फुगवटा दिसू लागतो आणि पाचव्यात नळी नागमोडी होऊन मूत्रपिंडाच्या आतल्या वाट्यांचा आकारच हरवतो. मूत्रमार्गातील पडदा किंवा मज्जारज्जूचा जन्मजात दोष यांमुळे मूत्राशयातील दाब वाढून रिफ्लक्स झाला असेल, तर तो प्रकार निराळा असून त्याचे मूळ कारण आधी हाताळावे लागते. मुलगा असेल आणि लघवीची धार बारीक किंवा थेंब-थेंब असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी.

मूत्रपिंडाचे नुकसान नेमके कशाने होते

जंतू नसलेली लघवी कमी दाबाने थोडी वर चढली, तर मूत्रपिंडाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते दोन मार्गांनी, आणि या दोहोंतला फरक पालकांनी नीट समजून घेतला पाहिजे.

पहिला मार्ग जंतुसंसर्गाचा. मूत्राशयातील जंतू उलट्या प्रवाहाबरोबर थेट मूत्रपिंडाच्या गाभ्यात शिरतात, तेथे दाह होतो, आणि उपचाराला उशीर झाला तर तो भाग बरा होताना आक्रसून त्याचा वण राहतो. १९७० च्या दशकात लंडनमध्ये रॅन्सली आणि रिस्डन यांनी डुकरांच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की मूत्रपिंडाच्या वरच्या व खालच्या टोकांना असलेल्या, लघवी पाझरणाऱ्या जोड-उंचवट्यांची तोंडे उघडी राहतात आणि तेथूनच लघवी आत मुरते. मुलांच्या तपासण्यांतही वण बहुधा टोकांनाच सापडतात, त्याचे कारण हे. शिवाय वणाचे बरेचसे नुकसान पहिल्याच मोठ्या संसर्गात होऊन जाते.

दुसरा मार्ग जन्माआधीचा. तीव्र रिफ्लक्स असलेल्या काही बाळांचे, त्यातही मुलग्यांचे, मूत्रपिंड गर्भातच लहान व सदोष घडलेले असते. अशा बाळाला एकदाही ताप आलेला नसताना तपासणीत ते मूत्रपिंड लहान दिसते. या पालकांना पुष्कळदा अपराधी वाटते, की आपण ताप अंगावर काढला म्हणून असे झाले. तसे नसते, तेथे काढण्यासारखा ताप आलेलाच नव्हता.

दोन्ही मार्गांचा परिणाम एकच: काम करणाऱ्या नेफ्रॉनांची संख्या घटते. नेफ्रॉन म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक. निरोगी मूत्रपिंडात ते सुमारे १० लाख असतात. ते तयार होण्याचे काम गर्भावस्थेच्या ३६ व्या आठवड्याच्या सुमारास संपते आणि त्यानंतर नवा नेफ्रॉन कधीच तयार होत नाही. जन्मानंतर मूत्रपिंड मोठे होते ते आहे त्याच नेफ्रॉनांचा आकार वाढल्यामुळे. म्हणून वण पडलेला भाग वाढत नाही, शेजारचा निरोगी भाग वाढतो आणि मूत्रपिंडाची कड खाचेसारखी आत ओढलेली दिसते.

ताप आला की पहिल्या दोन दिवसांत काय करावे

मूत्रपिंड वाचवण्याच्या दृष्टीने घरच्यांच्या हातात यापेक्षा मोठे असे काही नाही. रिफ्लक्स असलेल्या मुलाला कारण न दिसता १०१ फॅरनहाइटच्या वर ताप आला, तर तो ‘दात येत आहेत’ किंवा ‘हवा बदलली’ या खात्यावर टाकू नये. त्याच दिवशी लघवीचा नमुना द्यावा. संसर्ग असेल तर ४८ तासांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू झालेले असावे, कारण त्यापुढे प्रत्येक दिवसागणिक वण पडण्याचा धोका वाढतो. लहान बाळ तापाबरोबर फक्त किरकिर करते, दूध सोडते किंवा उलट्या करते. जळजळ होते असे ते सांगू शकत नाही.

नमुना औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यायचा असतो. एक डोस पोटात गेला तरी कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ते उगवेनासे होऊ शकतात आणि मग खरा संसर्ग होता की नाही हे कळत नाही. बाळाला चिकटवण्याची पिशवी सोयीची वाटते, पण तिच्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात. पिशवीतला नमुना निर्दोष आला तर त्यावर विसंबता येते, सदोष आला तर त्यावर निदान करता येत नाही. बाळाची जागा साध्या पाण्याने धुऊन पुसावी, दूध पाजून वीस-पंचवीस मिनिटांनी एकाने बाळाला काखेत धरून पाय मोकळे लोंबू द्यावेत, दुसऱ्याने गार पाण्यात भिजवलेल्या कापसाने ओटीपोटावर हलके चोळत राहावे आणि उघडी निर्जंतुक बाटली हाती तयार ठेवावी. आजीचे ‘शू… शू…’ येथे फुकट जात नाही. रोज त्या आवाजाची सवय असलेली बाळे तो ऐकून खरोखरच लघवी करतात. पहिली धार सोडून मधली पकडावी. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचणार नसेल, तर फ्रीजमध्ये ठेवावा, फ्रीजरमध्ये नव्हे. नमुना मिळतच नसेल आणि बाळ मलूल असेल, तर डॉक्टर बारीक नळी घालून तो घेतात. त्याला विरोध करू नये.

तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झालेल्या मुलाला, त्यातही ज्याचे मूत्रपिंड आधीच अशक्त आहे त्याला, आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने देऊ नये.

सोनोग्राफीतील लांबी कशी वाचावी

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक मूत्रपिंडाची लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते आणि बहुतेक पालक ती ओळ सोडून खालचा निष्कर्ष वाचतात. ही ओळ जन्मतारखेइतकी महत्त्वाची समजावी. जन्मतः मूत्रपिंड सुमारे साडेचार ते पाच सेंटिमीटर असते. एक वर्षानंतरच्या मुलासाठी एक सोपा हिशेब वापरता येतो: वयाच्या वर्षांना ०.२२ ने गुणावे आणि त्यात ६.७९ मिळवावे. त्यानुसार ५ वर्षांच्या मुलाचे मूत्रपिंड सरासरी ७.९ आणि १० वर्षांच्या मुलाचे ९ सेंटिमीटरच्या आसपास येते. ही सरासरी आहे. एखादा सेंटिमीटर इकडे-तिकडे असणे चालते, आणि मुलाची उंची कमी असेल तर मूत्रपिंडही त्या मानाने लहानच असते.

एका आकड्यापेक्षा आकड्यांची मालिका अधिक सांगते. उदाहरणादाखल, डाव्या बाजूस रिफ्लक्स असलेल्या एका मुलाची मापे अशी समजू: एक वर्षाचा असताना उजवे ६.४ आणि डावे ५.८, तीन वर्षांचा असताना उजवे ७.९ आणि डावे ६.१. डावे वाढलेच आहे, आक्रसलेले नाही, असे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. पण दोन वर्षांत उजवे दीड सेंटिमीटर वाढले आणि डावे जेमतेम तीन मिलिमीटर. डावे वाढीच्या स्पर्धेतून बाहेर पडत आहे आणि उजवे त्याचा भार उचलण्यासाठी नेहमीपेक्षा मोठे होत आहे, असा त्याचा अर्थ होतो. एका मूत्रपिंडाच्या भरपाईची ही वाढ ही चांगली गोष्ट आहे, मात्र दुसऱ्याची अवस्था काय आहे याचीही ती खूण असते. दोन्हींच्या लांबीत एका सेंटिमीटरहून अधिक फरक असेल, तर डॉक्टरांना त्याबद्दल आवर्जून विचारावे.

मापनात चूकही होते. दोन वेगळ्या डॉक्टरांनी एकाच दिवशी मोजले तरी चार-पाच मिलिमीटरचा फरक पडू शकतो, आणि फुगलेले मूत्रपिंड लांबीला मोठे दिसत असले तरी त्यातील काम करणारे आवरण पातळ झालेले असते. म्हणून शक्यतो एकाच केंद्रात सोनोग्राफी करावी, मागचा रिपोर्ट सोबत न्यावा आणि आवरणाची जाडीही लिहायला सांगावी. लहानसा वण सोनोग्राफीत सुटून जातो, हेही ध्यानात ठेवावे.

एमसीयू आणि डीएमएसए

एमसीयूत मूत्राशयात नळीवाटे औषध भरून मूल लघवी करत असताना एक्स-रे काढतात. संसर्ग पूर्ण बरा झाल्यावरच ही तपासणी करतात. परक्या माणसांसमोर, गार टेबलावर आडवे पडून लघवी करायची हे तीन-चार वर्षांच्या मुलाला महाकठीण जाते. काय होणार आहे ते त्याला आदल्या दिवशी खरे-खरे सांगावे आणि आईला किंवा वडिलांना खोलीत थांबू देण्याची विनंती करावी. प्रत्येक मुलाला ही तपासणी लागत नाही. इंडियन सोसायटी ऑफ पेडियाट्रिक नेफ्रॉलॉजीच्या सुधारित सूचनांनुसार पहिल्या संसर्गानंतर सोनोग्राफी सर्वांची करावी, पण एमसीयू मुख्यतः ज्यांना संसर्ग पुन्हा होतो किंवा ज्यांची सोनोग्राफी सदोष आहे त्यांचीच.

वण आहे की नाही हे सांगते ती डीएमएसए तपासणी. अत्यल्प किरणोत्सर्गी औषध शिरेतून देऊन दोन-तीन तासांनी छायाचित्रे घेतात. जेथे पेशी काम करतात तेथे औषध साठते आणि वणाच्या जागी रिकामा भाग दिसतो. ही तपासणी संसर्गानंतर चार ते सहा महिन्यांनी करायची असते. आधी केली तर ताजा दाहही वणासारखाच दिसतो आणि घरात विनाकारण रडारड होते.

या रिपोर्टमध्ये डाव्या-उजव्या मूत्रपिंडाच्या कामाची टक्केवारी असते. ४५ ते ५५ या दरम्यान दोन्ही असतील तर विभागणी समतोल आहे. मात्र ही टक्केवारी म्हणजे एकूण कामातला वाटा आहे, एकूण काम किती होते हे ती सांगत नाही. दोन भावांनी शेताचा निम्मा-निम्मा वाटा घेतला म्हणजे शेत मोठे आहे असे होत नाही. दोन्ही मूत्रपिंडे सारखीच खराब असतील, तर रिपोर्टमध्ये ५०-५० असेच येईल आणि वरवर पाहणारा निश्चिंत होईल. म्हणून ही टक्केवारी कधीही क्रिएटिनिनशिवाय (मूत्रपिंड गाळून टाकते त्या रक्तातील टाकाऊ पदार्थाच्या आकड्याशिवाय) वाचू नये.

क्रिएटिनिनचा सापळा

प्रयोगशाळेच्या कागदावर क्रिएटिनिनसमोर अनेकदा ०.६ ते १.२ अशी मर्यादा छापलेली असते. ती मोठ्या माणसांची आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, मुलांचे स्नायू कमी असतात, म्हणून त्यांचा निरोगी आकडाही लहान असतो. मूत्रपिंड किती गाळते याचा अंदाज श्वार्ट्झ यांच्या सूत्राने घरीही काढता येतो: सेंटिमीटरमधील उंचीला ०.४१३ ने गुणावे आणि क्रिएटिनिनने भागावे. ९५ सेंटिमीटर उंचीच्या तीन वर्षांच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.३५ असेल, तर उत्तर ११२ येते, जे उत्तम आहे. त्याच मुलाचे क्रिएटिनिन ०.९ असेल, तर उत्तर ४४ च्या खाली येते. म्हणजे गाळण्याची क्षमता निम्म्याहूनही कमी झालेली असते, आणि तरी छापील मर्यादेत तो आकडा ‘नॉर्मल’ ठरून त्याखाली लाल रेघही ओढली जात नाही. उत्तर ९० च्या खाली आले तर बालमूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवावे. हे सूत्र दोन वर्षांखालील बाळांना लावू नये, कारण त्या वयात क्षमता वाढीलाच लागलेली असते.

एक मूत्रपिंड पूर्ण निरोगी असेल, तर एकूण क्षमता बहुधा चांगलीच राहते. काळजी करायची ती दोन्ही बाजूंच्या तीव्र रिफ्लक्सची, किंवा एकुलत्या मूत्रपिंडात रिफ्लक्स असेल त्याची.

रक्तदाब, प्रथिने आणि उंची

वण असलेल्या मुलाचा रक्तदाब वर्षातून किमान एकदा मोजलाच पाहिजे, आणि तो लहान मुलांच्या पट्ट्याने. मोठा पट्टा लावला तर आकडा खोटाच कमी येतो, अरुंद लावला तर जास्त. १२०/८० हा आकडा ऐकून आपण निश्चिंत होतो, परंतु पाच वर्षांच्या मुलासाठी तो जास्त आहे.

उरलेल्या नेफ्रॉनांवर जादा भार पडला, की त्यांच्या जाळीतून प्रथिने गळू लागतात. क्रिएटिनिन वाढण्याच्या बरेच आधी ही खूण दिसते, म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीतील प्रथिनांची तपासणी वर्षाला करावी. ही गळती वेळीच सापडली, तर रक्तदाबाच्या एका गटातील औषधांनी ती कमी करता येते आणि मूत्रपिंडाची झीज लांबवता येते.

मूल रात्री उठून पाणी मागते, भरपूर आणि पाण्यासारखी लघवी करते, वर्षभरात त्याचे कपडे लहान झालेच नाहीत, अशा गोष्टी घरातल्यांनाच आधी कळतात. मूत्रपिंडाचे काम उतरले की रक्तात आम्लता वाढते, रक्तक्षय होतो आणि उंची खुंटते. दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने केलेली खूणही येथे वैद्यकीय नोंदीइतकी उपयोगी पडते.

लघवी आणि शौचाच्या सवयी

बद्धकोष्ठता आणि लघवी रोखून धरणे यांकडे घरात फारसे कुणी गांभीर्याने पाहत नाही, पण रिफ्लक्सच्या मुलात वारंवार संसर्ग होण्यामागे हीच जोडी पुष्कळदा असते. भरलेले आतडे मूत्राशयावर दाबते, लघवी पूर्ण उतरत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. मूल पाय आवळून, मांडीवर मांडी घालून नाचत असेल, किंवा एकदम खाली बसून टाच खाली रोवत असेल, तर ते लघवी अडवत आहे असे समजावे. दिवसा दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवावे, घाई न करता बसू द्यावे, कमोडवर पाय लोंबत असतील तर पायाखाली पाट ठेवावा. शौच मऊ राहील इतके तंतुमय अन्न आणि पाणी द्यावे आणि ते पुरे पडत नसेल तर डॉक्टरांकडून औषध घ्यावे. शाळेतले स्वच्छतागृह घाण असते म्हणून मुली सकाळी आठ ते दुपारी दोन लघवी करत नाहीत आणि डब्याबरोबर दिलेले पाणीही पीत नाहीत. वर्गशिक्षिकांना डॉक्टरांची चिठ्ठी देऊन तासाच्या मध्ये जाण्याची मुभा मागावी, आणि तेवढ्यावर न थांबता पालकसभेत स्वच्छतेचा विषयही काढावा.

मुलग्यांची पुढची त्वचा धुताना जोराने मागे ओढू नये.

औषध की शस्त्रक्रिया

तीव्र रिफ्लक्समध्ये रोज रात्री प्रतिजैविकाचा एक लहान डोस दिला जातो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिव्हर या अमेरिकी चाचणीत ६०७ मुलांचा अभ्यास झाला. अशा डोसाने पुन्हा होणारे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले, पण नव्या वणांच्या प्रमाणात फरक पडला नाही आणि जंतू औषधाला दाद न देणारे होण्याचे प्रमाण वाढले. म्हणूनच हा डोस सरसकट सर्वांना न देता वरच्या ग्रेडच्या किंवा सवयींचा दोष असलेल्या मुलांना देतात, आणि मूल शी-शूच्या बाबतीत सुटे झाले, सवयी सुधारल्या व वर्षभर संसर्ग झाला नाही तर थांबवतात. डोस द्यायचा ठरला तर तो नियमाने द्यावा. आठवड्यातून चारच दिवस देऊ नये.

औषध चालू असतानाही तापाचे संसर्ग होत राहिले, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. दुर्बिणीतून मूत्रवाहिनीच्या तोंडाशी जेल टोचण्याचा उपाय सोपा आहे, मात्र तो प्रत्येकाला लागू पडत नाही आणि कधी पुन्हा करावा लागतो. मूत्रवाहिनीचे पुनर्रोपण, म्हणजे ती मूत्राशयात नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया, मोठे असले तरी त्याने रिफ्लक्स बहुतेक सर्वांत बंद होतो. आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. १९८० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये आणि नंतर अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासांत तीव्र रिफ्लक्सच्या मुलांचे दोन गट केले, एकावर शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्याला औषधे दिली. काही वर्षांनी पाहिले, तर मूत्रपिंडाची वाढ, नवे वण आणि काम यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. शस्त्रक्रिया झाली म्हणून जुना वण भरून येत नाही, आणि रक्तदाबाची व प्रथिनांची तपासणी सुटत नाही.

फाइल

प्रत्येक सोनोग्राफीची तारीख, दोन्ही लांब्या, उंची, वजन, क्रिएटिनिन, रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि प्रत्येक तापातील कल्चरचा निकाल एवढे एका वहीच्या पानावर एकाखाली एक लिहावे. डॉक्टर बदलतात, गाव बदलते, रुग्णालयातील संगणकावरचे जुने रिपोर्ट सापडत नाहीत. ते पान मात्र जवळ असते. सख्ख्या भावंडांपैकी साधारण चारांतल्या एकाला रिफ्लक्स असू शकतो, म्हणून धाकट्याच्या जन्मानंतर त्याच्या सोनोग्राफीबद्दलही विचारावे आणि त्याचे पान त्याच फाइलमध्ये लावावे. मुलीच्या दोन्ही मूत्रपिंडांवर वण असतील, तर तिच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक असतो; ती मोठी होऊन सासरी किंवा परगावी जाईल, तेव्हा ही फाइल तिच्याजवळ असावी आणि नावनोंदणीच्या पहिल्याच भेटीत तिने ती प्रसूतितज्ज्ञांपुढे ठेवावी.